वरचा दात

मंगळवार, ३१ डिसेंबर

सृष्टीनं लातूरहून ही वही धाडली. पहिल्या पानावर लिहिलंय, 'आजी, बोलतेस तेवढं लिहीत जा.' नात असून टोमणा मारते. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं पेपरात आलं तेवढं शिकले. मालकांची, म्हणजे सृष्टीच्या आजोबांची, नजर गेल्यापासून अकरा वर्षं रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवते, त्यात जीभ आणि अक्षर दोन्ही सुटलं. वही मात्र त्यांना वाचून दाखवायची नाही. एवढी एक गोष्ट माझी.

कालची येळवस, वेळ अमावास्येची शेतपूजा, चांगली झाली. मालकांना हाताला धरून शेतात नेलं. त्यांनी जोंधळ्याचं कणीस चाचपलं आणि दाणा कधी भरेल ते सांगितलं. शेजारच्या शेतातली दानम्मा आंबील प्यायला आली, पण बाजरीचा उंडा तिला चावेना. वरची दाढ ठणकत होती. पदराच्या गाठीतली लवंग काढून दिली. माझ्या पदरात लवंगा असतातच. माझीही वरची एक दाढ दोन वर्षांपासून कुरकुर करते. लवंगेवर भागतं.

खरी बातमी पुढंच आहे. आज आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची आली. रुग्ण कल्याण समितीत बाई म्हणून मला घेतलं ते नाव भरायला. मी दोन वर्षं निलंग्याला आणि लातूरला खेटे घातले, साहेबांच्या दाराशी डबा सोडून जेवले, पण खुर्ची आणली. निळी आहे. बटण दाबलं की पाळण्यासारखी वर जाते. सगळ्यांच्या आधी मीच बसून बघितलं.

गुरुवार, २ जानेवारी

दर गुरुवारी दाताचे डॉक्टर लातूरहून येणार. डॉ. आलोक नाव. पोरसवदा आहेत, पण बोलणं मऊ. मी खुर्चीवर बसले तर म्हणाले, आजी, आलाच आहात तर तोंड उघडा. मी म्हटलं, मी बसायला आले, दाखवायला नाही.

पेशंट दोन. त्यातला एक ताप आला म्हणून चुकून त्या खोलीत शिरला होता.

शुक्रवार, १० जानेवारी

देवळाच्या भोंग्यावरून मी स्वतः पुकारा केला. दात मोफत बघतात, दात मोफत काढतात, या. काल तीन आले.

गावाचं मला कळत नाही. बैल घ्यायचा तर चारचौघं मिळून त्याचा जबडा उघडून बघतात. मालक तर मुरुडच्या बाजारात दात बघून बैलाचं वय सांगायचे, हा दोन दाती, तो चार दाती. लांबलांबून माणसं त्यांना नुसतं दात बघायला बोलवायची. बैलाचे दात बघून घेता, आणि स्वतःचे कुजले तरी बघत नाही. मालकांना असं बोलले तर ते म्हणाले, "बैल काय सोताहून दवाखान्यात जात न्हाई." म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

बुधवार, १५ जानेवारी

हळदीकुंकवाला चाळीस बायका. तिळाचे लाडू कडक झाले. मी एक तोंडात धरून विरघळवला.

दानम्माचा गाल सुजलाय. तिचं माहेर बसवकल्याणकडचं, घाबरली की कानडीवर जाते. दाढ काढू का म्हणून विचारत होती. मी सगळ्यांसमोर नीट समजावून सांगितलं. खालची असती तर आजच हात धरून नेली असती. पण वरच्या दाताची नस डोळ्याला जाते. आमच्या घरातलंच उदाहरण: मालकांनी शिबिरात वरचा दात काढला, त्याच आठवड्यात डोळ्यांपुढं काळं आलं, आणि मागून साखरेचा आजारही लागला. दाताचं विष अंगभर गेलं, दुसरं काय. बायकांनी माना डोलावल्या. माझा शब्द गावात कुणी खाली पडू देत नाही, एवढं समाधान आहे.

निघताना सगळ्यांना सांगितलं, गुरुवारी दातांना या.

गुरुवार, ३० जानेवारी

वरून कागद आला. दर गुरुवारी दहा तरी पेशंट व्हायला पाहिजेत. मार्चअखेरपर्यंत झाले नाहीत तर खुर्ची दुसऱ्या केंद्राला नेणार. माझी खुर्ची. मी समितीत म्हटलं, न्यायला या, मी खुर्चीवर बसून राहीन, मला घेऊनच न्या. लोक हसले. मी हसत नव्हते.

केंद्रात नवी सिस्टर आली आहे, वैष्णवी. नांदेडची. कामाला बरी, पण हात फार सावकाश. एकेका म्हाताऱ्याची साखर तपासते, आकडा समजावून सांगते, त्याच्या सुनेचं नाव विचारते, गोळी कधी घ्यायची ते त्याच्याकडूनच वदवून घेते. बाहेर लिंबाखाली बाकडं टाकलं, माठ ठेवला. रांगेतल्या माणसाला नावानं हाक मारते. पूर्वीचे लोक तासाभरात सगळी रांग उरकायचे. असा लाड करून कुठं दवाखाना चालतो का?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल सात. भोंग्याचा गुण. मी आता रोज सकाळ-संध्याकाळ पुकारते.

आशाताई साखराबाई म्हणते, माणसं साखरेच्या गोळ्यांना येतात, सिस्टर त्यांचं तोंड उघडून बघते आणि स्वतः हाताला धरून दातांच्या खोलीत सोडून येते. असेल. पण कानावर आधी भोंगा पडलेला असतो ना.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज नऊ! पण चार जण सुई बघून उठून गेले. दानम्मा त्यातली. दारापर्यंत आली आणि "ब्याड, ब्याड, नको" करत पळाली. गालाची सूज हनुवटीपर्यंत उतरलीय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, गोळ्यांनी किती दिवस दाबायचं, एकदा गळ्याकडं उतरली तर जिवावर बेतेल.

दाढ ठणकते. दोन लवंगा धरल्या.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज समितीत डॉक्टर आलोक मुद्दाम लातूरहून आले. म्हणाले, एक कोडं सुटत नाही. खालचा दात असला की माणूस काढून घेतो, वरचा असला की पळतो. या गावात असं का? साखराबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली.

मी उठून सांगितलं. डॉक्टर, तुम्ही नवे आहात. वरचा दात काढला की नजर जाते, हे गावाला माहीत आहे, कारण मी सांगितलंय. तुम्ही फक्त खालच्या दातांचं बघा, वरचे सोडून द्या. मी भोंग्यावरून तसं जाहीर करते, बघा कशी रीघ लागते.

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं, म्हातारीच्या डोक्याचं नवल वाटलं असेल. वैष्णवी सिस्टरनं विचारलं, "मावशी, काकांचे जुने कागद हायत का घरी?" म्हटलं, ट्रंकेत आहेत. चिटोरंसुद्धा टाकलेलं नाही मी.

शनिवार, १ मार्च

तीन दिवस वही उघडली नाही. आज लिहिलंच पाहिजे.

बुधवारी महाशिवरात्र. सुट्टी असून वैष्णवी आली, तीही उपाशी. मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. खाऊन झाल्यावर तिनं ट्रंकेतले कागद पसरले आणि लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा एक कागद दोनदा वाचला. मग मला हळूहळू सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर साखरेनं रक्त उतरलं होतं, आणि अशी साखर एका आठवड्याची नसते, वर्षानुवर्षांची असते. दातही त्या साखरेनंच हलला होता. दात काढला नसता तरी नजर जायचीच होती.

मी ऐकेना. माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हटलं, आधी दात गेला, मग नजर.

तेव्हा मालक बोलले. भिंतीला टेकून बसले होते.

"सिंधू, ती पोरगी खरं बोलूलालीय. दात काढायच्या आधी वरीसभर मला धड दिसत नव्हतं. मुरुडच्या बाजारात मी बैलाचे दात बोटानं चाचपून सांगत होतो."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ते भिंतीची पाठ सोडून सरळ बसले. मग सांगितलं. सारखी तहान लागायची, पायाला मुंग्या यायच्या, म्हणून एकदा एकटेच केंद्रात गेले होते. दोन तास रांगेत उभं राहून खिडकीशी पोचले, तर आतला माणूस म्हणाला, "डोळ्याचं इथं काय न्हाई, म्हाताऱ्या, लाईन अडवू नको." आणि कागद भिरकावला. मागं बाजारातली चार माणसं उभी होती, ह्यांच्याकडून बैल पारखून घेणारी. ह्यांनी कागद उचलला, घरी आले, आणि पुन्हा त्या पायरीवर पाय ठेवला नाही.

"तू दाताला दोष देऊलालीस," ते म्हणाले, "मला बरंच वाटलं. दाताचं नाव निघालं की, खिडकीतल्या माणसाचं ऐकून घरी बसला असं तरी कुणी म्हणत न्हाई."

साखर नावाच्या एकाच चोरानं दात आणि डोळा अशी दोन घरं फोडली आणि मी अकरा वर्षं शेजाऱ्याला धरून बडवलं. वैष्णवीनं कागद पहिल्यासारखे घडी करून ट्रंकेत ठेवले. जाताना मालकांच्या पाया पडली आणि म्हणाली, काका, त्या खिडकीत आता मी बसते.

ती गेल्यावर मला तिच्या लिंबाखालच्या बाकड्याची आठवण झाली. लाड म्हणाले होते मी त्याला.

रविवार, २ मार्च

दानम्माकडं गेले. तोंड नीट उघडेना तिचं, कण्या पीत होती. म्हटलं, माझं चुकलं होतं, वरचा दात काढायला काही होत नाही, चल गुरुवारी. तिनं माझ्याकडं बघितलं.

"अक्का, संक्रांतीला तूच सांगितलीस की."

म्हटलं, हाव, मीच सांगितलं. आता मीच सांगते की ते खोटं होतं.

"मग तुझा काढ आधी. तुझी लवंग मला ठावं हाय."

पदराची गाठ घट्ट धरून घरी आले. खरं सांगायचं तर, नस डोळ्याला जात नाही हे डोक्याला पटलंय, काळजाला अजून पटलेलं नाही. माझी नजर गेली तर घरात दोघंही आंधळे. मग पेपर कोण वाचणार?

संध्याकाळी तरी भोंग्यावर गेले आणि सांगितलं, गुरुवारी मी, सिंधू, वरची दाढ काढून घेणार. ज्यांना बघायचंय त्यांनी या.

गुरुवार, ६ मार्च

बेज्जती. दुसरा शब्द नाही.

पन्नास माणसं लिंबाखाली जमली होती. मी नवं लुगडं नेसून गेले. वैष्णवीनं आधी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. एकशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, आज हात लावणार नाही, आधी गोळ्या. मी म्हटलं, बाहेर गाव जमलंय, काढाच. ते म्हणाले, गाव बाहेर आहे, रक्त तुमच्या अंगात आहे.

बाहेर आले तर कुणीतरी मागून बोललंच, खुर्ची लोकासाठी आणली, सोतासाठी न्हाई. पन्नासातलं एकही माणूस खुर्चीवर बसलं नाही.

मला कधी बीपी नव्हतं. म्हणजे कधी मोजलं नव्हतं. वैष्णवी म्हणाली, दाढेच्या निमित्तानं सापडलं हे बरं झालं, एक दिवस घरात अचानक पडला असता. तिनं मला माझ्याच तोंडून वदवून घेतलं, गोळी सकाळी, मीठ कमी, लोणचं बंद. लोणचं बंद म्हणताना माझा आवाज बारीक झाला.

मंगळवार, ११ मार्च

रोज लिंबाखालच्या बाकड्यावर जाऊन बसते. आपली पाळी येईपर्यंत बसून राहायचं हे मला माहीतच नव्हतं. समितीची बाई म्हणून मी नेहमी थेट आत जायची. बाकड्यावर बसलं की कळतं, कोण कशाला भितं. एक म्हातारा मला म्हणाला, पयले इथं यायचं म्हणजे पोलीस ठाण्यावर आल्यावानी वाटायचं. दोन वर्षं मी खुर्चीसाठी भांडले. खिडकीसाठी एकदाही नाही.

भोंगा बंद केला. साखराबाई म्हणाली, काकू, गाव सकाळी जरा निवांत झोपतंय आता.

गुरुवार, २० मार्च

बीपी एकशे चाळीस. माणसं मोजकीच आली होती, पंधरा-वीस. दुसऱ्यांदा फजिती बघायला कोण येतं? दानम्मा आली होती. गालाला फडकं बांधून, दाराला धरून उभी.

मालकांना बरोबर नेलं होतं. अकरा-बारा वर्षांनी ते ती पायरी चढले. वैष्णवीनं त्यांना नावानं हाक मारून बाकड्यावर बसवलं. मी दारातून बघितलं आणि आत गेले.

सुईचं काय सांगू, मुंगी चावल्यासारखी लागली. मग गाल लाकडासारखा झाला. डॉक्टरांनी खटपट केली, कुठंतरी लांब कुणीतरी खुंटा उपटतंय असं वाटत होतं, आणि दाढ ताटलीत वाजली. कापसाचा बोळा दाताखाली दिला. अर्धा तास बोलायचं नाही म्हणाले. साखराबाई म्हणाली, डाक्टर, हे गावासाठी तुमचं मोठं काम झालं.

बोलायचं नाही हे मला ठाऊकच होतं, म्हणून तयारीनं गेले होते. बाहेर बाकड्यावर बसले, चष्मा लावला आणि पिशवीतून बारीक सुई आणि काळा दोरा काढला. वाकळ शिवायची जाड सुई नाही, बारीक. सगळे भोवती गोळा झाले. सुई उजेडाला धरली, दोरा नेला आणि चुकला.

दानम्माच्या तोंडून "शिवा" निघालं. नजर गेली की काय, असं क्षणभर मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं करायचं तर तोंडात बोळा. बोटानंच पिळलं, मालकांच्या खांद्याला हात टेकवून स्थिर केला, आणि पुन्हा नेला.

गेला. सुईच्या पार दुसऱ्या बाजूला काळा दोरा लोंबत होता. मी सुई वर धरली आणि हातानंच एकेकीला दाखवत फिरले. मालक विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि मला बोलता येईना. तेव्हा दानम्माच म्हणाली, "काका, सुईत दोरा गेला. अक्काची नजर शाबूत हाय." मग तिनं गालाचं फडकं सोडलं आणि आत गेली.

एवढ्या आयुष्यात गावाला एवढं पटवून मी कधी सांगितलं नव्हतं, आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता.

गुरुवार, २७ मार्च

एकवीस! त्यातले चौदा वरच्या दाताचे. डॉक्टर पाच वाजता जाणार होते, सातला निघाले. दानम्माची सूज उतरली. तिनं मला घरी बोलावून कडक भाकरी माझ्यासमोर चावून दाखवली आणि म्हणाली, "तू सुई दाखवलीस, मी भाकर दाखवते."

येणारा प्रत्येक माणूस आधी लिंबाखाली बसतो, साखर-बीपी बघून घेतो, मग दातांच्या खोलीत जातो. डॉक्टर आलोक म्हणतात, माझी खोली आतली आहे, तिचं दार सिस्टरकडून उघडतं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी पटवून घेतलं नसतं, हेही खरं.

गुरुवार, १० एप्रिल

कागद आला. खुर्ची इथंच राहणार. समितीत मी वाचून दाखवला. टाळ्या झाल्या, मी उठून सांगितलं, टाळ्या खिडकीकडं तोंड करून वाजवा. वैष्णवी लाजून माठ भरायला गेली.

पण आजची गोष्ट दुसरीच. सकाळी पेपर वाचून झाल्यावर मालक म्हणाले, "माझी बी एक वरची हलूलालीय. चल, दाखवून येऊ." मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "आता माझं काय जायचंय?" आणि स्वतःच हसायला लागले. नजरेवरून ते हसलेले मी पहिल्यांदा बघितले.

वैष्णवीनं साखर बघितली, लातूरच्या गोळ्यांवर ठीक निघाली. आत गेल्यावर ते लगेच बसले नाहीत. दोन्ही हातांनी खुर्ची चाचपली. डोक्याची उशी, पाठ, हाताचे दांडे, खाली पायाची पाटी. बाजारात बैल चाचपायचे तशी, सावकाश, एकही जागा न सोडता. मग मला विचारलं, रंग कोणता? मी म्हटलं, निळा. येळवसच्या दिवशी दुपारी आभाळ असतं तसा. त्यांनी मान हलवली. माल पसंत पडला की हलवायचे, तशीच.

मग खुर्चीवर चढून बसले, तोंड उघडलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "बघा, किती दाती निघतो."

आज रात्री नको, उद्या सकाळी पेपराच्या आधी ही वही त्यांना वाचून दाखवणार आहे. पहिल्या पानापासून, माझ्या चुकांसकट.